आधी पाणी बघू

'आधी पाणी बघू.'

हे तीन शब्द मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकले असतील? काशीत जितकी शिवलिंगं आहेत तितक्या वेळा, असं मी म्हणतो. माझी बायको म्हणते, त्यातली निम्मी वजा करा. केली. तरी पुष्कळ उरतात.

विजेची गाडी रस्त्यात अडली, की आधी पाणी बघू. छापखान्यातला पंखा फिरेनासा झाला, त्यात पाण्याचा एक थेंब नसतो, तरी आधी पाणी बघू. त्याच्या चुलत बहिणीला जौनपूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा शाळेत मास्तर, पत्रिका जुळलेली, घरात सगळ्यांची तोंडं गोड झालेली. हा कोपऱ्यातून म्हणाला, 'आधी पाणी बघू.' सगळे हसले. हा मात्र दुसऱ्या दिवशी खरंच जौनपूरला गेला, त्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन आला, आणि मगच मान हलवली.

बघायची त्याची रीतही ठरलेली. त्याच्याजवळ हातभर लांबीची एक काचेची नळी होती. वरच्या टोकाला रबरी फुगा, आत एक लहानसं काचेचं बोंडलं. विजेच्या गाडीच्या पोटात बॅटरीचे डबे असतात, डब्यांत शिशाच्या पाट्या आणि तेजाबाचं पाणी असतं, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. फुगा दाबून ते पाणी नळीत ओढायचं. बोंडलं वर तरंगलं तर डब्यात जीव आहे, तळाशी बसलं तर डबा उतरला. तो नळी उजेडाकडे धरायचा, मनगट मागे वळवून, डावा डोळा मिटून, श्वास रोखून. सूर्याला अर्घ्य देणारा माणूस जसा उभा राहतो, हुबेहूब तसा. त्यात नवल नव्हतं. त्याच वेळी खाली पंचगंगा घाटावर त्याचे वडील तसेच उभे असायचे.

नाव मी त्याचं सांगत नाही. गल्लीत सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही मिस्त्रीबुवाच म्हणणार. या हाकेने त्याच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कपाळावर दर वेळी एक आठी पडायची. काशीतली आमची मराठी घरं चार-पाच पिढ्यांची. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि घाटावर संकल्प सांगताना संस्कृत. अण्णांच्या आज्यापणज्यांपासून पंचगंगेवर बसायची लाकडी चौकी होती. वर मशीद, खाली गंगा, मध्ये छातीवर येणाऱ्या उभ्या पायऱ्या, आणि तळाशी बांबूच्या छत्रीखाली अण्णा. यात्रेकरूच्या ओंजळीत पाणी घालायचं आणि संकल्प सांगायचा. त्या घरात जन्मलेल्या मुलाने दहा वर्षं वेद म्हटला आणि मग तारघरात बॅटऱ्या धुण्याची नोकरी धरली.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी एकच अट घातली. 'दिवसभर काय हवं ते धू. पहाटे माझ्याशेजारी चौकीवर उभा राहा. आणि ज्या दिवशी तुझ्यामुळे गंगामाईला उणा शब्द लागेल, त्या दिवसापासून या पायऱ्या उतरायच्या नाहीत.'

'बरं अण्णा,' तो म्हणाला होता. त्यात कठीण काय, असंच त्याला वाटलं असणार.

तो रोज पहाटे उतरायचा. तेजाबाने त्याच्या धोतराला चाळणीसारखी भोकं पडलेली. जानवं महिन्याला एक तुटायचं, कारण डब्यात वाकलं की ते आधी बुडायचं. म्हणून डबा उघडताना तो जानवं कानावर अडकवी, तरी ते घसरायचंच. यात्रेकरू घाटावर त्याचा तो अवतार बघून दोन पैसे त्याच्याच पुढे टाकत. अण्णा ते उचलून नदीत सोडत आणि चौकीखालून नवं जानवं काढून देत. 'घे. पुढल्या महिन्यापर्यंत पुरव.'

आता मी यात कुठून आलो ते सांगतो. मी बाईसाहेबांचा मुन्शी. बाईसाहेब माळव्याकडच्या एका लहानशा जहागिरीच्या विधवा, काशीवासाला येऊन कमच्छ्या मोहल्ल्यात बागेतल्या बंगल्यात राहिलेल्या. डावा पाय लुळा. त्यांनी एक विलक्षण व्रत घेतलं होतं: या क्षेत्रात जिवंत प्राण्याच्या जिवावर बसायचं नाही. म्हणजे घोडा नाही, बैल नाही, पालखीचे भोईसुद्धा नाहीत. आणि रोज सकाळी गंगेचं दर्शन तर घ्यायचं. पेट्रोलची मोटार होती शहरात, पण तिचा धूर आणि खडखडाट त्यांच्या जपाला सोसेना. मग कोणीतरी सांगितलं, कलकत्त्याला एका मडमेची विजेची गाडी विकायला आहे. आवाज नाही, धूर नाही, नुसती मनासारखी चालते.

गाडी आगगाडीने आली. काळा रंग, पितळेचे दिवे, आत जांभळी मखमल. मी तर तिच्यावर लट्टूच झालो. बाईसाहेबांनी अण्णांना निरोप धाडला, ते त्यांचे तीर्थोपाध्याय. त्यांनी नाइलाजाने मुलाला पाठवलं.

'रंग काय बघता मुन्शीजी,' तो म्हणाला, 'रंग मलाही लावता येतो. आधी पाणी बघू.'

चाळीस डबे होते. त्याने चाळीसही उघडले. मखमलीवर बसून मी विडा लावत होतो, आणि हा एकेका डब्यावर वाकून स्वतःशीच पुटपुटत होता. संध्याकाळी उठला तेव्हा त्याने मडमेच्या गाडीची सगळी कुंडली सांगितली. पाट्यांवर पांढरी खपली धरलीय, म्हणजे गाडी वर्षभर उतरलेल्या डब्यांनिशी उभी होती. डब्यांच्या बुडाशी शिशाचा गाळ इतका साचलाय की पाट्या त्यातच पाय टेकून उभ्या आहेत, वीज आतल्या आत जिरते. जोडावरची तांब्याची टोकं हिरवी पडलीत. चाकं फिरवणाऱ्या मोटारीतले, तिला वीज पोचवणारे कोळसे झिजून नखाएवढे उरलेत. वीज सोडायचा दट्ट्या फिरवला की ठिणगी पडते, तिथलं तांबं जळलंय. साखळी ढिली. टायर भरीव रबराचे, पण उन्हाने तडकलेले.

'म्हणजे घेऊ नये?' मी विचारलं.

'घेतलीय ना?'

'पैसे गेले कलकत्त्याला.'

'मग न घेण्याचा विचार कशाला? बरी करू.'

दोन महिने लागले. गाळ उपसला, डबे धुतले. खपली धरलेल्या पाट्यांना त्याने अगदी मंद वीज दिली, तीन-तीन दिवस. 'घाई केली तर पाटी वाकते,' म्हणायचा. शेजारच्या बर्फाच्या गिरणीत वीज करायचं यंत्र होतं, तिथे गाडी नेऊन उभी करायची. तांब्याची टोकं सोड्याच्या कढत पाण्याने घासली आणि वर मेण चोपडलं. मोटारीच्या तांब्याच्या कड्याला बारीक काचकागद फिरवून त्याने असं लखलखीत केलं की गिरणीचा मालक त्यात बघून मिशा पिळू लागला.

आणि पाणी. डब्यांतलं पाणी उन्हाने उडतं, ते दर आठवड्याला भरावं लागतं, पण कुठलंही पाणी भरून चालत नाही. वाफ धरून गार केलेलं पाणी लागतं. हे पाणी काशीत कुठून आणायचं? त्याने गाझीपूरच्या एका गुलाबपाणीवाल्याकडून जुना तांब्याचा भपका आणला, पाणी उकळून वाफ धरायचं भांडं. तो कितीही घासला तरी त्याचा वास गेला नाही. म्हणून आमच्या बॅटरीच्या पाण्याला गुलाबाचा वास यायचा. गाडी गोदौलियाच्या चौकातून गेली की माळिणी मान वर करून हुंगायच्या, असं मी सांगतो. निदान एक तरी माळीण हुंगायची, हे शपथेवर.

त्या गाडीच्या मी पुष्कळ कथा रचल्या. तिला आवाज नव्हता, आणि काशीच्या सांडांना आवाजाशिवाय उठायची सवय नाही. एक सांड तिच्यापुढे जो बसला तो तीन दिवस उठला नाही, लोकांनी त्याच्यासकट गाडीला हार घातले, असं मी गंगेपलीकडच्या रामनगरपर्यंत पसरवलं. खरं म्हणजे तो अर्ध्या तासात उठला. एका गोऱ्या साहेबाची मोटार धूर ओकत अडली होती, शेजारून आमची गाडी चिडीचूप गेली, तेव्हा साहेबाने भूत समजून टोपी काढली, हेही मीच पसरवलं. मिस्त्रीबुवा या कथा ऐकून घ्यायचा. कधी खोडल्या नाहीत. फक्त म्हणायचा, 'मुन्शीजी, तुमच्या गोष्टीत पाणी जरा जास्त होतं हो.' आणि हसायचा, एका डोळ्याने.

इथवर तुम्ही माझ्या बोलण्यातून हवं तेवढं वजा करा. इथून पुढे काही वजा करू नका.

पावसाळा संपता संपता तो नव्या पाट्या आणायला कलकत्त्याला गेला. आठ दिवसांचं काम. जाताना वाफेच्या पाण्याची मोठी काचेची बरणी मला दाखवली. 'दर सोमवारी, प्रत्येक डब्यात, पाट्या बुडतील एवढंच. आणि मुन्शीजी, दुसरं पाणी नाही हं.'

'अहो, मी काय लहान आहे?'

पहिल्या सोमवारी मी बरणी उचलली. माळी शेजारी होता. त्याला मी सांडाची गोष्ट सांगत होतो, आणि सांड केवढा होता ते हात पसरून दाखवल्याशिवाय मला राहवेना. बरणी फरशीवर पडली. अंगणभर गुलाबाचा वास सुटला.

मी माळ्याला गप्प केलं, काचा पुरल्या. मग देवघरात गेलो. तिथे पंचगंगेहून आणलेलं गंगाजल पितळेच्या घागरीत असायचं, वर तुळशीची पानं. मनात पाप नव्हतं, उलट जरा अभिमानच वाटला. वर्षानुवर्षं भांड्यात राहून जे पाणी सडत नाही, ज्याने माणसाची सात जन्मांची घाण धुतली जाते, त्याने चाळीस डबे चालणार नाहीत? काशीत राहणाऱ्या माणसाने याहून शुद्ध पाणी शोधायचं तरी कुठे? हे काम अज्ञानाने झालं असं तुम्ही म्हणाल. नाही. भक्तीने झालं.

मिस्त्रीबुवाला कलकत्त्यात हिवतापाने धरलं. आठ दिवसांचे दोन महिने झाले. मी दर सोमवारी गंगाजल घालत राहिलो. गाडी चालत होती. थोडी हळू, पण चालत होती.

कार्तिक लागला. बाईसाहेबांचा नेम, महिनाभर रोज दशाश्वमेधाच्या वर गाडी उभी करून दर्शन घ्यायचं. गल्ल्यांतून पंचगंगेपर्यंत गाडी जाईना, म्हणून अण्णाच तिथे येऊन त्यांचा संकल्प सोडायचे. चौथ्या दिवशी घाट शंभर पावलांवर असताना गाडी थांबली. मी दट्ट्या फिरवला, ठिणगीसुद्धा नाही.

त्याच सकाळी मिस्त्रीबुवा स्टेशनवर उतरला होता. बंगल्यावर निरोप कळला तसा तो इक्क्याने तिथे आला, पाट्या अजून विलायतेहून यायच्या, हातात नुसती वळकटी, डोळे खोल गेलेले. तोपर्यंत गर्दी जमली होती. पंडे, नावाडी, भाजीवाल्या. अण्णाही घाटावरून वर आले होते.

'का गुरू, घोड़ा मर गइल का?' कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

त्याने वळकटीतून नळी काढली, जानवं कानावर चढवलं. 'आधी पाणी बघू.'

पहिल्या डब्यातलं पाणी ओढून त्याने नळी उजेडाकडे धरली. मी त्याच्या मागेच उभा होतो. बोंडलं तळाशी बसलेलं. पाणी गढूळ. आणि त्या गढूळ पाण्यात, बोंडल्याला चिकटून, एक काळं पडलेलं तुळशीचं पान.

त्याने नळी नाकाशी नेली. गुलाबाचा वास नव्हता.

मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तुळशीचं पान म्हणजे देवघर, आणि बंगल्यातल्या देवघराची किल्ली माझ्या कमरेला. त्याने नळी उलटी करून ते पान तळहातावर घेतलं, मूठ मिटली आणि धोतराच्या सोग्यात खोचलं. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

'काय झालंय रे?' पडद्याआडून बाईसाहेबांनी विचारलं.

'पाणी बिघडलंय, बाईसाहेब. डब्यांत गंगाजल गेलंय.'

एका पंड्याने ते ऐकलं आणि मोठ्याने हिंदीत सांगितलं. गर्दीत दहा तोंडं एकदम बोलू लागली. गंगाजल से बिगड़ा? का कहत हौ! कलकत्ता जाके किरिस्तान हो गया!

अण्णा पुढे आले. 'पुन्हा बोल.'

'अण्णा, गंगेत दोष नाही,' तो म्हणाला. ताप अजून अंगात असावा, आवाज कापत होता. 'गंगेत सगळं आहे. डोंगर आहे, माती आहे, मीठ आहे. म्हणून तर आपल्याला ती चालते. या डब्यांना ज्यात काहीच नाही असं पाणी लागतं.'

'कोणी घातलं गंगाजल?'

आता. या क्षणी. मी माझ्या जिभेला म्हटलं, बोल. रामनगरपर्यंत सांड पोचवणारी जीभ टाळूला चिकटून बसली. बाईसाहेब पडद्याआड दोन हातांवर होत्या. माझी नोकरी, कमच्छ्याच्या दोन खोल्या, घरची पाच खाणारी तोंडं, सगळं त्या पडद्यापर्यंतच होतं.

'कोणी घातलं ते मी पाहिलं नाही,' मिस्त्रीबुवा म्हणाला. 'मी पाणी पाहिलं.'

'मग असं म्हण, की कारागिरी चुकली. कोणा माणसाची चूक झाली म्हण. तुझी म्हण. एवढं म्हण आणि विषय संपव.' अण्णांचा आवाज आता हळू झाला होता. ते त्याला जवळजवळ विनवत होते. भोवती सगळा घाट ऐकत होता, ज्यांच्याबरोबर त्यांना उद्या पहाटे पुन्हा बसायचं होतं.

'चुकली असती तर म्हटलं असतं, अण्णा.'

'तर मग माझ्या पायऱ्या उतरू नकोस.'

अण्णा वळले आणि गर्दीतून खाली गेले. मिस्त्रीबुवाने कानावरचं जानवं नीट केलं आणि तो पुन्हा डब्यावर वाकला.

त्या दिवशी त्याने काय केलं ते सांगितलंच पाहिजे. चाळिसातले एकवीस डबे साफ मेले होते. त्याने ते वगळले, उरलेल्या एकोणिसांना तांब्याच्या पट्टीने एकमेकांशी जोडलं. गाडी हलली. त्या वाटेने मसाणाकडे एक प्रेत चाललं होतं, तेही आमच्या पुढे निघून गेलं. पण बाईसाहेबांना ऊन चढण्याआधी गंगा दिसली. पुढे नेमाचे उरलेले दिवस, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, तो रोज दुपारी गिरणीत त्या एकोणीस डब्यांना वीज पाजी आणि सकाळी आपण गाडीबरोबर चालत येई. नेम मोडला नाही. बाईसाहेबांनी नंतर त्याला पुन्हा काही विचारलं नाही, आणि डब्यांत गंगाजल कसं गेलं याची चौकशीही केली नाही. त्यांना काय कळलं होतं, देव जाणे.

मी आठ दिवसांनी त्याला गिरणीत गाठलं. 'मिस्त्रीबुवा, मी अण्णांना सांगून टाकतो.'

'नोकरी?'

'जाईल.'

'घरी पोरं किती?'

'तीन.'

'मग जाऊ द्या.' तो पाटीवरची खपली खरवडत होता. 'मी अण्णांना गंगेबद्दल खोटं सांगितलं नाही. त्यांना ते पटायचं तर माझ्या शब्दावरच पटावं. तुमच्यामुळे पटलं तर काय उपयोग?'

मला ते बोलणं इतकं सोयीचं होतं की मी ताबडतोब मान्य केलं.

तो गिरणीमागच्या खोलीत राहायला गेला. पहाटे स्नानाला शिंदे घाटावर जायचा, तिथल्या कललेल्या देवळाजवळ. तिथून पंचगंगेच्या छत्र्या ठिपक्यांएवढ्या दिसतात. अर्घ्याच्या वेळी तो त्या दिशेला तोंड करून उभा राहायचा, सूर्य नदीपलीकडे उगवत असला तरी. मी एकदा म्हटलं, 'अहो, सूर्य तिकडे आहे.' तो म्हणाला, 'ठाऊक आहे.'

अण्णा त्याचं नाव घेत नसत. पण दर वर्षी श्रावणी पौर्णिमेला पंचगंगेचा एक नावाडी शिंदे घाटावर नाव लावायचा आणि काही न बोलता केळीच्या पानातली पुडी त्याच्या हातात द्यायचा. आत बारा जानवी. महिन्याला एक.

तेरा वर्षं गेली. बाईसाहेब काशीतच शांत झाल्या. बंगला दुसऱ्याने घेतला, मला वाट दाखवली गेली. म्हणजे ज्या नोकरीसाठी मी गप्प होतो ती गेली, आणि तरी मी गप्पच राहिलो. गप्प राहण्याचीही सवय होते, विड्यासारखी.

शिशाने त्याला हळूहळू खाल्लं. आधी पोटात कळा, मग हिरड्यांवर निळसर रेघ. शेवटी मनगटं गेली. हात पुढे केला की पंजा लोंबायचा, वर उचलेना. ज्या मनगटाने त्याने शहरातल्या सगळ्या बॅटऱ्यांचं पाणी उजेडाला धरलं, त्याने पेलाही धरता येईना. मी पाजायचो. बंगाली डॉक्टरने नकाराची मान हलवली.

त्या दिवशी सकाळी मी पंचगंगेवर गेलो. अण्णा ऐंशीच्या घरातले, छत्रीखाली एका यात्रेकरूला संकल्प सांगत होते. मी थांबलो नाही. सगळ्या चौक्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, 'अण्णा, ते गंगाजल मी घातलं होतं. बरणी माझ्या हातून फुटली. दोन महिने घातलं. तो खरं बोलत होता.'

अण्णांनी यात्रेकरूचा संकल्प पुरा केला. पाणी सोडलं. मग माझ्याकडे पाहिलं.

'तेव्हा का नाही बोललास?'

'नोकरी होती.'

'आणि नोकरी गेल्यावर?'

मी वाकून त्यांच्या चौकीला डोकं टेकवलं.

'कसा आहे तो?' अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चौकीखालून तांब्या काढला, चार पायऱ्या उतरून गंगेत बुडवला, वर एक तुळशीचं पान टाकलं. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला.

'नको. तुझ्या हातून एकदा गेलंय, तेवढं पुरे.'

ते प्रत्येक टप्प्यावर थांबत चढले. तांब्यातलं पाणी हिंदकळू दिलं नाही.

खोलीत मिस्त्रीबुवा भिंतीला टेकून पडला होता. काचेची नळी खुंटीला टांगलेली. अण्णा दारात उभे राहिले. त्याची नजर तांब्याकडे गेली, पानाकडे गेली. एक डोळा बारीक झाला.

'आधी पाणी बघू,' तो म्हणाला, आणि हात उचलायला गेला. पंजा लोंबत राहिला.

अण्णांनी खुंटीवरची नळी काढली. त्यांनी ती जन्मात हाती धरली नव्हती. दोनदा फुगा चुकीचा दाबला, तिसऱ्यांदा पाणी वर चढलं. मग खिडकीशी जाऊन त्यांनी ती उजेडाकडे धरली, मनगट मागे वळवून, डावा डोळा मिटून.

'बोंडलं तळाशी बसलंय रे,' ते म्हणाले. 'चांगलं की वाईट?'

'गाडीला वाईट.' त्याने मान खिडकीकडे वळवली. 'मला चालेल, अण्णा.'

अण्णांनी पान त्याच्या जिभेवर ठेवलं आणि पाणी घातलं. दुपारी तो गेला.

गिरणीमागून मणिकर्णिकेच्या मसाणाला जायची सरळ वाट आहे. आम्ही खांदा द्यायला वाकलो तेव्हा अण्णा म्हणाले, 'इकडून नाही. आधी माझ्या पायऱ्यांनी उतरवा.' एवढा वळसा, एवढ्या अरुंद गल्ल्या, पण कोणी हूं की चूं केलं नाही. पंचगंगेच्या चौक्यांवरचे सगळे उठून उभे राहिले. आम्ही त्याला एकेक पायरी खाली आणलं, अण्णांच्या चौकीशी क्षणभर टेकवलं, आणि तिथून नावेने मणिकर्णिकेला नेलं.

अण्णा त्यानंतर तीन वर्षं बसले. मी रोज सकाळी जायचो, त्यांच्या पाठीशी छत्रीच्या सावलीत बसायचो, गोष्टी न सांगता. यात्रेकरू ओंजळ पुढे करायचा. अण्णा पळीभर पाणी घ्यायचे, आणि ओंजळीत घालण्याआधी ती पळी जरा वर धरायचे, उजेडाकडे, एक डोळा मिटून. मग घालायचे.

यात्रेकरूंना वाटायचं, हा विधीचाच भाग आहे. दूरदूरची ती माणसं आपली भरलेली ओंजळ तशीच वर उचलायची, आणि एक डोळा मिटून तिच्यातल्या पाण्याकडे पाहायची.